नाद आणि निवृत्ती

श्रावणातील शेवटच्या सोमवारी घोरवडेश्वराचा डोंगर उतरून एक गृहस्थ थेट देहूस आमच्या ओसरीवर आला. कपाळी भस्म, पायांस डोंगराचा चिखल आणि हाती प्रसादाच्या नारळाची अर्धी वाटी. त्यास आम्ही एकेरीच संबोधतो. त्याचे वडील देहूरोडच्या बाजारात ध्वनिक्षेपक भाड्याने देत, आणि आमच्या उमेदीच्या काळात कीर्तनासाठी झाडावर चढून कर्णा बांधणारा पोरगा तो हाच. आज त्याने पन्नाशी ओलांडली आहे. देहूरोडपासून चाकणपर्यंतच्या कारखानदारीच्या पट्ट्यात लोक त्यास डीजेवाला म्हणून ओळखतात. टेम्पोवर ध्वनीची भिंत रचून मिरवणुकीपुढे चालणे हा त्याचा गेल्या २८ वर्षांचा व्यवसाय. खेड्यांतून याच भिंतीस ‘डॉल्बी’ म्हणतात.

नमस्कार करून तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बुवा, सोडून देऊ का हे सगळं?”

आमच्याकडे माणसे येतात ती आरंभाचा मुहूर्त विचारण्यास. गृहप्रवेश असतो, उपनयन असते, दुकानाचे उद्घाटन असते. थांबण्याचा मुहूर्त विचारणारा हा पहिलाच, आणि पंचांगात तसा मुहूर्त दिलेला नसतो. आम्ही त्यास गूळपाणी दिले व वेळ काढला. उत्तर आमच्यापाशी नव्हते. शिवाय तोच प्रश्न गेली दोन वर्षे आमच्याही उशाशी येऊन बसत होता, हे त्यास ठाऊक नव्हते.

सांप्रत वाचकांच्या घरोघरी गणराय विराजमान आहेत. प्राणप्रतिष्ठेचा सोहळा सर्वांच्या स्मरणात राहतो. उत्तरपूजा मात्र बहुधा घाईत उरकली जाते, कारण बाहेर ताशा कडाडत असतो आणि मुलांचे डोळे दाराकडे लागलेले असतात. वास्तविक त्या छोट्या विधीत केवढा विचार साठविलेला आहे! आरती करावी, नैवेद्य दाखवावा, अक्षता वाहाव्या आणि मूर्ती जागची किंचित हलवावी. आवाहन केलेले देवत्व तेथेच परत पाठविले गेले. नदीपर्यंतचा प्रवास त्यानंतरचा आहे. म्हणजे ज्या मिरवणुकीपुढे हा गृहस्थ इतकी वर्षे नाद उसळवीत आला, ती शास्त्रदृष्ट्या विधी आटोपल्यानंतरची होय. हे आम्ही त्यास पूर्वी कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी सांगितले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे देव गेल्यावर मी वाजवतोय!”

हसला खरा, पण लगेच गंभीर झाला.

देहूरोड हे बाहेरच्या वाचकांस बहुधा लोहमार्गावरील एक स्थानक म्हणूनच माहीत असते. लष्करी भांडाराभोवती ही वस्ती वाढली व त्या निमित्ताने नाना प्रांतांची, नाना भाषांची माणसे येथे येऊन स्थिरावली. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. शेजारच्या घोरवडेश्वरावर प्राचीन बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतच महादेवाचे स्थान आहे. तुकोबाराय एकांतासाठी भामचंद्र, भंडारा आणि घोरवडेश्वर या तीन डोंगरांवर जात, अशी आपली परंपरा. अशा गावी वाढलेल्या माणसाच्या धंद्यास सोवळेओवळे कोठले! शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, नवरात्र, लग्नातील हळद, सर्वत्र त्याची भिंत चाले. आमच्या व्यवसायात बिदागी म्हणतात, त्याच्यात सुपारी म्हणतात; आगाऊ रकमेस दोघांकडेही इसार हाच शब्द आहे.

वडिलांचा कर्णा आणि ध्वनिफितींची पेटी घेऊन त्याने आरंभ केला. पुढे कर्ण्याच्या जागी पेट्या आल्या, दोनाच्या चार आणि चारांच्या सोळा झाल्या, जनित्र आले, डोळे दिपविणारे दिवे आले. मंडळांची चढाओढ वाढली तसे कर्ज वाढले. २०१८ साली ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर मुंबई उच्च न्यायालयाने डीजेवरील बंदी उठविण्यास नकार दिला, तेव्हा त्याने नव्या पेट्यांचे दोनच हप्ते फेडले होते. २०२० व २०२१ ही दोन वर्षे महामारीमुळे मिरवणुकीच निघाल्या नाहीत, तेव्हा तोच टेम्पो घेऊन त्याने भाजी वाहिली. त्यानंतर लोक जणू दोन वर्षांची थकबाकी वसूल करावी तसे नाचू लागले. “बेस छातीत लागला पाहिजे,” हे मंडळाच्या मुलांचे पहिले मागणे असे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मंद्र नादाचे स्थान हृदय सांगितले आहे. तो नाद गाणाऱ्याच्या हृदयातून उठतो. येथे तो ऐकणाऱ्याच्या छातीवर बाहेरून आदळतो. एवढा फरक आहे, आणि तो लहान नाही.

त्या सोमवारी डोंगरावर घडले ते त्याच्याच शब्दांत सांगतो. “वर लेण्यापाशी बसलो होतो, बुवा. खाली कुणीतरी सेट तपासत होतं. मला नुसतं धप धप ऐकू येत होतं. शेजारच्या पोराला विचारलं, गाणं वाजतंय का रे? तो म्हणाला, काका, हे तर तुमचंच नेहमीचं गाणं. तो ते गुणगुणत होता. मला एक शब्द कळला नाही.”

गेल्या अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या कानात जी शिट्टी सुरू झाली ती थांबलीच नव्हती. सात वर्षांची नात ‘आजोबा, शाळा सुटली’ म्हणे, तर याच्या कानी शब्दांची नुसती शेपटे पडत. वैद्यांनी कानाचा आलेख काढला. खिशातून घडी घातलेला तो कागद त्याने आमच्यापुढे उलगडला. डावीकडून बरी चाललेली रेघ उजवीकडे चार हजार कंपनांच्या आसपास विहिरीत पडावी तशी खाली गेलेली.

ती रेघ आम्ही ओळखली. तशीच एक आमच्याही कपाटात आहे.

येथे व्याकरणाची थोडी गरज आहे, वाचकांनी कंटाळू नये. आपल्या वर्णमालेत श, ष, स, ह यांस ऊष्मवर्ण म्हणतात. यांपैकी श, ष, स हे उच्चारताना दातांजवळून व टाळूजवळून वाऱ्याचा जो बारीक सूत्कार निघतो, त्याची कंपने फार जलद असतात. स्वरांची कंपने त्या मानाने संथ. अतिनादाने कानास इजा होते ती प्रथम या जलद कंपनांच्या ठिकाणी. कानातील शंखाकृती भागात केसांसारख्या अग्रांच्या सूक्ष्म पेशी असतात. त्या एकदा मेल्या की मनुष्यदेहात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. वार्धक्यातही हाच भाग आधी झिजतो. त्यामुळे स्वर ऐकू येत राहतात, बोलणारा बोलतो आहे हे समजते, काय बोलतो ते मात्र समजत नाही. बहिरेपणाची ही पहिली पायरी फार फसवी, कारण ऐकणाऱ्यास वाटते की जगच पुटपुटू लागले.

आम्हांसही तसेच वाटले होते. आमच्याकडे संथा घेण्यास एक चौदा वर्षांचा मुलगा येत असे. पुरुषसूक्ताच्या पहिल्याच शब्दांत स आणि श यांची दाटी आहे. तो ऊष्मवर्ण गिळतो, असे आमच्या मनाने घेतले. तीन दिवस आम्ही त्यास तेवढेच पुनःपुन्हा म्हणावयास लावले, आणि तिसऱ्या दिवशी बोलू नये ते बोललो. त्याच्या बोबडेपणावरून बोललो. मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हा माजघरातून आमच्या कुटुंबाचा आवाज आला, “अहो, तो अगदी स्वच्छ म्हणतोय. मला इथे चुलीपाशी ऐकू येतंय.” आम्ही तिच्यावरही चिडलो. कानाचा आलेख पुढे दोन महिन्यांनी काढला. तो मुलगा परत आला नाही. दुसऱ्या गुरुजींकडे जातो असे कळते. त्याच्या घरी जाऊन क्षमा मागावी, असे ठरवून दोनदा उंबरठ्यापर्यंत गेलो आणि परतलो.

पाणिनीय शिक्षेत वर्ण कसे उच्चारावेत हे सांगताना वाघिणीचा दृष्टांत आहे. वाघीण पिलांस दातांत धरून नेते; पिलू पडू नये इतके घट्ट आणि त्यास दात लागू नये इतके हलके. नादाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येकास हा दृष्टांत लागू आहे, मग तो वेदपाठी असो, कीर्तनकार असो की टेम्पोवरचा डीजेवाला. पण दात किती लागला हे वाघिणीस स्वतःस कळावे लागते. ज्याच्या कानातून ऊष्मवर्ण गेले त्यास ते कळत नाही. त्यास गाणे मिळमिळीत लागते, म्हणून तो कळ वर सरकवितो. कळ वर गेली की उरलेले कानही जातात, म्हणून तो ती आणखी वर सरकवितो. “दोन वर्षं मी हेच करत होतो,” तो म्हणाला, “आणि पोरांना सांगत होतो, तुमचे स्पीकरच खराब आहेत.”

आकडेही वाचकांपुढे ठेवू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागी ध्वनिक्षेपकास मनाई. सण-उत्सवांसाठी राज्य शासनास वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत १०० डेसिबलच्या वरच्या नोंदी झालेल्या आहेत. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते. दर १० डेसिबलांस ध्वनीची शक्ती दसपट होते. म्हणजे ५५ वरून १०५ वर जाणारा नाद दुप्पट न होता लाखपट होतो. ८० डेसिबलचा नाद आठवड्यास ४० तास सोसता येतो, ९० चा अवघे चार तास, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. आमचा हा गृहस्थ भिंतीपासून पाच हातांवर एकेका रात्री दहा-दहा तास उभा असे.

याच पट्ट्यातील कारखान्यांत प्रेसखाली काम करणाऱ्या कामगारास बहिरेपण आले, तर कायद्याच्या अनुसूचीत त्याची नोंद घेण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून गणना होते. टेम्पोवरच्या माणसाची नोंद कोण घेणार? त्याच्या हाताखालच्या चार पोरांची? त्यांतील एकास तर आतापासूनच हाक दोनदा मारावी लागते.

धार्मिक मनास येथे एक शंका येते, आणि ती रास्त आहे. ढोलताशा का मंद असतो? आमच्या सप्ताहातील भोंगे का कमी कर्कश असतात? नाहीत. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही असे म्हटले, तेव्हा आमच्या काही सांप्रदायिक मित्रांस ते झोंबले. आम्हांस झोंबले नाही. नारद महर्षी वीणा घेऊन त्रैलोक्य हिंडले, त्यांस जनित्र लागले नाही. तथापि हे म्हणताना आम्ही कोणत्या तोंडाने म्हणतो, ते पुढे येईलच.

“मी नाही वाजवलं तर दुसरा वाजवेल,” तो म्हणाला. “मग मी थांबून काय होणार?”

या प्रश्नावर आम्ही ४० वर्षे धर्मव्याधाचे आख्यान लावीत आलो आहोत. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे धर्म शिकण्यास जातो. व्याध म्हणतो, मी स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्यांचे मांस विकतो. आईबापांची सेवा करतो. वाट्यास आलेले काम करतो. श्रोत्यांस हे फार आवडते. प्रत्येकास वाटते, आपले कामही असेच, थोडे मळलेले पण क्षम्य. त्या दिवशी हेच सांगावयास आम्ही तोंड उघडले आणि अडखळलो. कारण तो व्याध आपल्या कामास घोर म्हणतो. ते चांगले आहे, असे तो एकदाही म्हणत नाही. ४० वर्षे आम्ही ते वाक्य ओलांडून पुढे जात होतो. कथेस गती राहावी म्हणून असेल, किंवा यजमान मांसविक्रेते नसले तरी व्यापारी होते म्हणून असेल.

मग शांतिपर्वातील तुलाधार आठवला. वाराणसीचा तो वाणी तराजू धरून बसलेला, आणि डोक्यावरील जटांत पक्ष्यांनी घरटे केले म्हणून गर्वास चढलेला जाजली मुनी त्याच्याकडे आलेला. तुलाधाराची कसोटी साधी आहे. आपल्यापासून कोणा जीवास भय वाटू नये. आम्ही विचारले, “तुझा टेम्पो गल्लीत शिरतो तेव्हा कोण पळतं?”

त्याने बोटे मोजली नाहीत, पण हळूहळू बोलत गेला. कुत्री पळतात. बाळंतिणी खिडक्या लावतात. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे गृहस्थ छातीस यंत्र बसविल्यापासून विसर्जनाच्या दिवशी लोणावळ्यास मुलीकडे जाऊन राहतात, आणि जाण्यापूर्वी याच्या घरी मोदक पाठवितात. “ते मोदक मी खातो, बुवा,” तो म्हणाला. यापुढे व्याधाचे आख्यान लावण्याचे कारण उरले नाही.

तरीही निर्णय सोपा नव्हता, आणि तो सोपा होता असे येथे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. कर्जाचे हप्ते उरले आहेत. पेट्या विकाव्या तर घेणारा त्या याहून मोठ्याने वाजविणार. मग पाप विकले की सुटले? चार पोरांपैकी दोघे चाकणच्या कंपनीत ठेकेदारीवर लागतील, उरलेल्या दोघांचे काय? मनूने सांगितले आहे की गृहस्थास सुरकुत्या आणि पांढरे केस दिसू लागले, नातवंड दिसले, की त्याने वनाची वाट धरावी. नातवंड तर दिसले. पण मनूच्या गृहस्थास बँकेचा हप्ता नव्हता. शास्त्र सांगणाऱ्याने एवढे तरी कबूल करावे.

आम्ही त्यास एकच गोष्ट निश्चयाने सांगितली. पेट्यांचे, कर्जाचे, पोरांचे काय करायचे ते नवरात्र उलटेपर्यंत ठरव. पण मिक्सरवर उद्यापासून बसू नकोस. ज्यास ऐकू येत नाही त्याच्या हाती कळ नको.

तो ऐकून उठला. पायरीवर थांबला. वळून म्हणाला, “आणि तुम्ही, बुवा?”

“आम्ही काय?”

“रागावू नका. दोन वर्षं तुमच्या कीर्तनाला माझाच छोटा सेट असतो. तुम्ही दर पाच मिनिटांनी हाताने खूण करता, वाढव म्हणून. मी वाढवतो. तुम्हाला वाटतं मागच्यांना ऐकू येत नाही. मागची माणसं उठून पुढे येत नाहीत, बुवा. घरी जातात.”

ओसरीवर पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. नारदाची एक कथा कीर्तनकार नेहमी सांगतात. आपल्या गायनाचा गर्व झालेल्या नारदांस वाटेत हात-पाय मोडलेले स्त्री-पुरुष दिसतात, आणि ते राग व रागिणी असून नारदांच्याच गाण्याने त्यांची ही दशा झाली, असे त्यांस कळते. आम्ही ती कथा शेकडो वेळा सांगितली आहे. श्रोते हसतात त्या जागी थांबण्याची आमची खास लकबही आहे. त्या दिवशी ती आम्हांस कोणी सांगितली असे वाटले.

त्या मुलाच्या घरी आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो. तो शाळेत होता. त्याच्या आईस सांगून आलो की दोष मुलाच्या जिभेत नव्हता, आमच्या कानांत होता. तिने चहा दिला. संथा देण्याचे काम आम्ही बंद केले. जवळची पोथी ज्यास हवी त्याने न्यावी. कीर्तन सोडावे की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही.

त्याने मोठ्या दोन मंडळांचा इसार परत केला. एका अध्यक्षांनी तो मुकाट्याने घेतला. दुसऱ्यांनी घेतला आणि चार शब्दही सुनावले, की ऐन वेळी कणा मोडणारा माणूस यापुढे नको. त्यांची सुपारी दुसरीकडे गेली, म्हणजे त्या रस्त्यावर यंदाही नाद कमी होणार नाही. १६ पेट्यांपैकी १२ ताडपत्रीखाली पडून आहेत. चार पेट्यांवर आरत्या, प्रवचने आणि शाळांचे कार्यक्रम होतात. हप्ता त्यातून भागत नाही, उरलेला त्याच्या पत्नीने सोने ठेवून भरला. तिने ते हसत केले, असे तो म्हणतो. आम्ही तिला विचारलेले नाही.

चतुर्थीनंतरच्या तिसऱ्या सायंकाळी देहूरोडच्या एका वसाहतीत आमचे कीर्तन होते. दोनच पेट्या, मिक्सरवर त्याचा पुतण्या. स्वतः तो मंडपाच्या कोपऱ्यात हात मागे बांधून उभा होता, जणू हातांना सवयीपासून दूर ठेवावे म्हणून. नातीस त्याने सर्वांत मागच्या रांगेत, शेवटच्या सतरंजीवर बसविले होते आणि पढवून ठेवले होते: आजोबांच्या बुवांचे शब्द नीट कळेनात तर हात वर कर, कानाला टोचू लागले तर कानावर हात ठेव.

पूर्वरंग निर्विघ्न पार पडला. उत्तररंगात आख्यान रंगात आले आणि आमचा उजवा हात सवयीने वर गेला, वाढव म्हणून. पुतण्याने आमच्याकडे पाहिले, मग मान वळवून मागच्या रांगेकडे पाहिले. मुलगी मांडीवरचा प्रसादाचा पेढा खात होती. तिने मान हलविली, नको. त्याने कळ होती तेथेच ठेवली, आणि आम्ही पुढचे पद घेतले.